इंग्रजी धावते, मराठी चालते

‘नळ धावत आहे.’ मराठी विद्यार्थ्याच्या वहीत असे वाक्य आढळले म्हणजे शिक्षक त्याखाली तांबडी रेघ ओढतात आणि पुढची वही हाती घेतात. मूळ इंग्रजी वाक्य ‘द टॅप इज रनिंग’ असे असते. विद्यार्थ्याची चूक झाली हे खरेच. परंतु ती आळसाने झालेली नसते. ‘रन म्हणजे धावणे’ असे त्याच्याकडून पहिल्याच वर्षी घोकून घेतलेले असते आणि तो त्या पाठांतराशी इमानाने वागलेला असतो. पुढे हाच विद्यार्थी ‘रस्ता नदीकाठाने धावतो’, ‘तिचे नाक धावत आहे’, ‘तो एक शाळा धावतो’ अशी वाक्ये लिहितो आणि प्रत्येक वेळी गुण गमावतो. अखेर इंग्रजी ही काही आपल्याला वश होणारी भाषा नव्हे, असा ग्रह करून घेऊन तो तिच्यापासून दूर होतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हा ग्रह विशेषच खेदजनक म्हटला पाहिजे. कारण येथील मूल घरी मराठी बोलते, बाजारात कानडी बोलते, हिंदी चित्रपट पाहते. एकाच गोष्टीला तीन भाषांत तीन रीतींनी म्हणता येते हे त्याला इतरांहून अधिक ठाऊक असते. फक्त ते आपल्याला ठाऊक आहे हे त्याच्या ध्यानी कोणी आणून दिलेले नसते.

‘रन’ हा शब्द तीन अक्षरांचा. दिसावयास अगदी किरकोळ. परंतु इंग्रजी भाषेच्या सर्वांत मोठ्या कोशाला याच शब्दाने घाम फोडला आहे. ऑक्सफर्डच्या या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि संपूर्ण कोश हाती येण्यास १९२८ साल उजाडले. जेम्स मरे हे त्याचे प्रमुख संपादक १९१५ मध्येच निवर्तले. त्यांना पूर्ण झालेला कोश पाहावयास मिळाला नाही. या कोशात सर्वांत विस्तृत नोंद होण्याचा मान दीर्घकाळ ‘सेट’ या क्रियापदाकडे होता. १९८९ च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ दिलेले आहेत. पुढे तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाले तेव्हा पीटर गिलिव्हर या संपादकांनी ‘रन’ची नोंद नव्याने सिद्ध केली. त्यासाठी त्यांना नऊ महिने लागले, आणि २०११ मध्ये जो आकडा जाहीर झाला तो क्रियापद म्हणून एकट्या ‘रन’चे ६४५ अर्थ असा होता. ‘सेट’ मागे पडला. मधल्या काळात यंत्रे आली, आगगाड्या आल्या, शेवटी संगणक आला, आणि ही सर्व मंडळी इंग्रजीत ‘रन’ करू लागली, हे या वाढीचे मोठे कारण होय.

६४५ हा आकडा ऐकून विद्यार्थ्याने भिण्याचे कारण नाही. एवढे अर्थ कोणा इंग्रजालाही पाठ नसतात. कोशकार अर्थाच्या बारीक छटा वेगळ्या काढून त्यांना क्रमांक देतो. बोलणारा माणूस क्रमांकाने बोलत नाही. त्याच्या मनात एक चित्र असते. ‘रन’च्या मुळाशी असलेले चित्र केवळ पायांनी पळणाऱ्या माणसाचे नाही. ते अखंड पुढे सरकणाऱ्या वस्तूचे आहे, आणि त्यात पाणीही आहे. इंग्रजीच्या बहिणीत, म्हणजे जर्मन भाषेत, या कुळातली दोन क्रियापदे आजही वेगळी नांदतात: ‘रिनेन’ म्हणजे वाहणे आणि ‘रेनेन’ म्हणजे धावणे. इंग्रजीत ती दोन्ही एकाच ‘रन’मध्ये विरघळून गेली.

मराठी माणसाला हे नवल वाटावयास नको. संस्कृतात ‘द्रु’ धातूचा अर्थ धावणे असा आहे. त्यापासून ‘द्रुत’ म्हणजे वेगवान हा शब्द झाला, आणि त्याच धातूपासून ‘द्रव’ म्हणजे पातळ, वाहणारा पदार्थ हाही शब्द झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि शाळेच्या प्रयोगशाळेतील बाटलीतला द्रव हे एकाच धातूचे पुत्र आहेत. ‘धाव्’ धातूचेही तसेच. व्याकरणकारांनी त्याला गती आणि शुद्धी असे दोन अर्थ दिले. ‘धौत’, म्हणजे धुतलेला, हा शब्द त्याच्याच घरचा. तेव्हा पाणी धावते ही कल्पना आपल्या पूर्वजांना परकी नव्हती. मराठीने मात्र पुढे कामाची वाटणी केली. पाय धावतात, पाणी वाहते. इंग्रजीने ती वाटणी केली नाही, एवढाच काय तो भेद.

हे चित्र एकदा मनात ठसले की ‘नळ’, ‘नाक’ आणि ‘नदी’ यांची वाक्ये सुटतात. वेदगंगा वाहते, सर्दी झालेल्या मुलाचे नाक वाहते, उघडा राहिलेला नळ वाहतो. कापडाचा रंग पाण्यात ‘रन’ करतो तेव्हा तो मराठीत ‘जातो’, कानडीतही ‘होगतद’ म्हणजे जातोच. रस्त्याचेही तसेच. पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीहून संकेश्वरमार्गे बेळगावला ‘जातो’. इंग्रजीत तो ‘रन’ करतो. वस्तुतः रस्ता जातही नाही आणि धावतही नाही. तो जागच्या जागी पडून असतो, आणि वाहने जातात. तरी मराठीला रस्ता गेलेला चालतो आणि धावलेला चालत नाही, याला तर्क नाही. केवळ वहिवाट आहे.

तेव्हा भाषांतर करणाऱ्याने ‘रन’ या शब्दाकडे पाहत बसण्याऐवजी प्रथम त्याचा कर्ता शोधावा. कोण ‘रन’ करीत आहे? माणूस किंवा जनावर असेल तर धावणे, पळणे. पातळ पदार्थ असेल तर वाहणे. लांबट, पसरलेली वस्तू असेल, जसे रस्ता, भिंत, डोंगराची ओळ, तर जाणे किंवा पसरणे. यंत्र, दुकान, खटला, कारभार यांपैकी काही असेल तर चालणे. कर्ता हाती लागला की निम्मे काम होते.

उरलेल्या निम्म्यात एक खाच आहे आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मराठीत ‘चालणे’ निराळे आणि ‘चालवणे’ निराळे. कानडीतही ‘नडे’ म्हणजे चालणे आणि ‘नडेसु’ म्हणजे चालवणे. दोन्ही भाषा क्रियापदाला शेपूट जोडून सांगतात की आता काम करणारा वेगळा आणि करविणारा वेगळा. इंग्रजीत हे शेपूट नाही. ‘द मशीन रन्स’ म्हणजे यंत्र चालते, आणि ‘ही रन्स द मशीन’ म्हणजे तो यंत्र चालवतो. शब्द तोच, रूपही तेच. पुढे कर्म आले की नाही, यावरूनच भेद ओळखावयाचा. ‘तो एक शाळा धावतो’ हे विनोदी वाक्य येथूनच जन्मास येते. विद्यार्थ्याला ‘रन्स’ दिसले. पुढचे ‘अ स्कूल’ हे कर्म आहे याकडे त्याची नजर गेली नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. मराठीतून इंग्रजीत जाताना हाच विद्यार्थी ‘माझे घड्याळ चालत नाही’ याचे ‘माय वॉच इज नॉट वॉकिंग’ करतो आणि वर्ग हसतो. हसणाऱ्यांना ‘चालणे’ या आपल्या क्रियापदाकडे एकदा नीट पाहावयास सांगितले पाहिजे. वर्षाचे मूल चालते. घड्याळ चालते. गुऱ्हाळ चालते, मोट चालत असे, तंबाखूची वखार चालते. न्यायालयात खटला चालतो. फाटकी नोट चालत नाही, आणि जे चालते ते ‘चलन’. हुशार माणसाचे डोके चालते, भांडखोराचे तोंड चालते, चपळ स्त्रीचा हात चालतो. एखाद्या गृहस्थाचे कचेरीत फार चालते आणि घरी काही चालत नाही. गाण्याला ‘चाल’ असते, समाजाला ‘चालीरीती’ असतात. ‘चालू’ महिना म्हणजे सध्याचा आणि ‘चालू’ माणूस म्हणजे ज्याच्यापासून जपून राहावे असा. मोल्सवर्थने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली. तसेच दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागले. या कोशांत अशा एकेका साध्या क्रियापदाखाली अर्थांची रांग लागलेली दिसते. मराठी मुलाला यातले काहीच कठीण वाटत नाही, कारण त्याने ते कोशातून शिकलेले नसते. घरात, गोठ्यात, बाजारात त्याने प्रत्येक अर्थ त्याच्या त्याच्या कर्त्याबरोबर ऐकलेला असतो. ‘रन’ त्याला दुष्ट वाटतो तो केवळ एकटा, उघडा, फळ्यावर लिहिलेला भेटल्यामुळे.

सीमाभागात या विषयाला आणखी एक रंग चढतो. मराठी दुकानदार ‘कसे चाललेय’ या प्रश्नाला ‘चाललेय बरे’ म्हणतो. शेजारचा कानडी दुकानदार ‘नडीतैति’ म्हणतो. ‘नडे’ म्हणजे पायांनी चालणे. त्याच क्रियापदाने दुकान चालते, सभा पार पडते आणि कामही चालू राहते. माणसाच्या वर्तनाला मराठीत ‘चालचलन’ म्हणतात, कानडीत ‘नडते’, आणि त्यातही तेच चालणे लपलेले आहे. मराठी आर्यकुलातली आणि कानडी द्राविडकुलातली, असे शाळेत शिकवतात आणि ते यथार्थ आहे. शब्दांचे मूळ वेगळे. परंतु त्या शब्दांनी काढलेले चित्र एकच.

अर्थात सर्वत्र एकच नव्हे, आणि येथेच खरी गंमत आहे. कानडीत धावणे म्हणजे ‘ओडु’. बुद्धी काम करीनाशी झाली की कानडी मनुष्य ‘तले ओडुत्तिल्ल’ म्हणतो, म्हणजे डोके धावत नाही. मराठी माणसाचे डोके अशा वेळी चालत नाही. चित्रपट शंभर दिवस टिकला तर मराठीत तो शंभर दिवस ‘चालला’. कानडीत ‘ओडितु’ म्हणजे धावला, आणि इंग्रजीतही तो धावलाच. म्हणजे कानडी ही या बाबतीत मध्ये उभी आहे: दुकानापुरती मराठीच्या बाजूस, चित्रपटापुरती इंग्रजीच्या बाजूस. ज्या मुलाला ‘ओडितु’ ठाऊक आहे त्याला ‘द फिल्म रॅन फॉर अ हंड्रेड डेज’ हे वाक्य समजावून देण्यास अर्धे मिनिटही लागू नये. पण मराठी शाळेत इंग्रजी शिकवताना कानडीचा आधार क्वचितच घेतला जातो आणि कानडी शाळेत मराठीचा. मुलाच्या खिशात असलेले नाणे न वापरता त्याला उधारीवर माल घ्यावयास लावण्यासारखेच हे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतरचा वाद सर्वांस विदित आहे. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला आणि २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. योगायोग असा की त्याच १९५६ साली मरी एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचा एक लेख अमेरिकेत प्रसिद्ध झाला. भारतातील आर्य आणि द्राविड भाषा शेकडो वर्षांच्या शेजारामुळे रचनेत परस्परांसारख्या झाल्या आहेत; त्यामुळे कुळे वेगळी असली तरी भारत हा एक भाषिक प्रदेश मानावा, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे गम्पर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावी बोलल्या जाणाऱ्या मराठी, कानडी आणि उर्दूचा अभ्यास केला आणि १९७१ मध्ये तो छापला. त्यांना असे दिसून आले की गावातल्या नित्य बोलण्यात या भाषांची वाक्ये जवळजवळ एकाच साच्यातून निघतात. एका भाषेतील शब्द काढून त्या जागी दुसरीतील बसवला की वाक्य तयार. ‘करायला लागला’ याच्या जागी उत्तरेकडील कानडीत ‘माडलिक्के हत्तिद’ म्हणतात. ‘हत्तु’ म्हणजे चिकटणे, लागणे. लागण्यातून आरंभ सुचवण्याची युक्ती दोघांनी वाटून घेतली आहे. ती कोणी कोणाकडून घेतली याचा हिशेब पंडितांनी करावा.

‘रन’कडे परत वळले असता दुसरी अडचण उभी राहते ती त्याला चिकटणाऱ्या लहान शब्दांची. ‘रन आउट’, ‘रन इंटू’, ‘रन ओव्हर’, ‘रन डाउन’. साखर ‘रन आउट’ झाली म्हणजे संपली. जुना मित्र रस्त्यात ‘रन इंटू’ झाला म्हणजे अवचित भेटला. मोटार झाडाशी ‘रन इंटू’ झाली म्हणजे धडकली. हे तर्काने काढता येत नाही, हे खरे. परंतु मराठी शिकू पाहणाऱ्या कानडी मुलाने विचारले की ‘शत्रू चालून आला’ आणि ‘चांगले स्थळ चालून आले’ ही दोन्ही आगमने एकाच क्रियापदाने कशी सांगता, तर मराठी शिक्षकाने काय उत्तर द्यावे? ‘चालते व्हा’ म्हणजे निघून जा, आणि ‘चालवून घ्या’ म्हणजे असेल त्यात भागवा. या बाबतीत कोणत्याही भाषेने दुसरीला हसू नये. असे जोडशब्द वाक्यासकट, प्रसंगासकट लक्षात ठेवावेत; सुटे पाठ केल्यास ते परीक्षेच्या आदल्या रात्रीच ‘रन आउट’ होतात.

मराठीत ‘रन’चे सरळ ‘धावणे’ झाले अशी काही ठिकाणे आहेत, आणि त्यांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे क्रिकेट. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून हा खेळ मराठीत सांगितला आणि धाव, धावसंख्या, धावफलक, धावचीत हे शब्द खेड्यापाड्यांत रुळले. ते सुबक आहेत, कानाला गोड आहेत, आणि मूळ इंग्रजीशी प्रामाणिक आहेत. इतके प्रामाणिक की मूळची विसंगतीही त्यांत उतरली: फलंदाज चौकार मारून जागच्या जागी उभा राहतो आणि तरी त्याच्या नावावर चार ‘धावा’ लागतात. खुद्द ‘धावते समालोचन’ हाही इंग्रजीवरूनच बेतलेला शब्द आहे. ‘धावती भेट’ मात्र आपली. इंग्रज माणूस अशा भेटीला उडती म्हणतो.

वर्तमानपत्री मराठीत दुसरा एक प्रकार दिसतो. ‘गणेशोत्सवासाठी जादा गाड्या धावणार’ असा मथळा दरवर्षी वाचावयास मिळतो. घरी मात्र कोणी असे बोलत नाही. घरी गाड्या ‘सुटतात’ आणि रेल्वे त्या ‘सोडते’. मथळ्यातल्या ‘धावणार’मागे इंग्रजी ‘रन’ उभा आहे हे उघड आहे. ते चुकीचे म्हणावे काय? गाडी धावते ही कल्पना मराठीला मुळातच अमान्य नाही, म्हणून ते खपून गेले. ‘खटला धावणार’ असे कोणी लिहू धजला नाही, यावरून भाषेच्या पोटात काय पचते आणि काय पचत नाही याचा अंदाज येतो.

निवडणुकीत तर खुद्द इंग्रजांत आणि अमेरिकनांत मतभेद आहे. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो. इंग्लंडातला ‘स्टँड’ करतो. आपल्याकडे निवडणुका इंग्रजी अमलात आल्या, आणि मराठी उमेदवार निवडणुकीस ‘उभा राहतो’, कानडी उमेदवारही ‘निंतिद्दाने’ म्हणजे उभाच असतो. या उभे राहण्यावर इंग्लंडातल्या रीतीची छाया असावी असे मानण्यास जागा आहे. प्रत्यक्षात प्रचाराच्या दिवसांत तो किती धावतो हे सर्वजण पाहतात. भाषा त्याला उभाच ठेवते. तापाचेही असेच. इंग्रजीत रोगी ताप ‘रन’ करतो, जणू काही तोच तो चालवीत आहे. मराठीत ताप येतो, कानडीत ‘ज्वर बंदैति’, म्हणजे तोही येतोच. सीमेच्या दोन्ही बाजूंना ताप हा पाहुणा आहे, आणि रोग्याचा त्यात काही दोष नाही.

ख्रिस्ती मंडळींना तेविसावे स्तोत्र तोंडपाठ असते. १६११ च्या इंग्रजी बायबलात त्यातला पेला ‘रन’ करतो; मराठी भाषांतरकारांनी तो ‘वाहता’ केला. भाषांतर करावे कसे याचा एवढा उत्तम नमुना हाताशी असताना ‘नळ धावत आहे’ या वाक्याखाली नुसती तांबडी रेघ ओढून थांबण्याचे कारण नाही. ती रेघ ओढल्यावर विद्यार्थ्याला ‘घरी आई काय म्हणते?’ एवढेच विचारावे. आई ‘नळ वाहतोय, बंद कर’ म्हणते हे तो क्षणात सांगतो, आणि उत्तर त्याचे त्यालाच सापडते.

एक शब्द मात्र असा आहे की तेथे ही युक्ती उलट दिशेने करावी लागते. निपाणीच्या बसस्थानकावर चहावाला विचारतो, साखर कमी आहे, चालेल का? मराठी गिऱ्हाईक म्हणते, ‘चालेल.’ कानडी गिऱ्हाईक म्हणते, ‘नडीतैति.’ दोघांचाही चहा चालू लागतो. हेच इंग्रजीत सांगण्याची पाळी आली की इतका वेळ ‘रन’ शिकलेला मुलगा मोठ्या आत्मविश्वासाने ‘इट विल रन’ म्हणतो. येथे इंग्रज मनुष्य धावतही नाही आणि चालतही नाही. तो ‘दॅट विल डू’ म्हणतो आणि पेला उचलतो.